घंटीवरचं फडकं

पहाटे साडेपाचला कॅम्पातून जाताना
रंगरुटांची ओळ धावत येते समोरून.
बुटांचा आवाज एक, धापा ज्याच्या त्याच्या.
मी कडेला होते. उस्ताद बघतो
माझ्या टायरांकडे, पोटऱ्यांकडे नाही. सभ्य माणूस.

हिंडलगा, सुळगा, मग उचगावचं वळण.
धुकं अजून भातातच बसलेलं,
उठायचं नाव नाही.
सहा दिवस उद्यमबागेत फौंड्रीची बिलं,
सातव्या दिवशी एवढंच: चढ, घाम,
आणि मनगटावर मोजणारं घड्याळ.

करंजहोळच्या चढाला दम संपतो
नेहमी त्याच जागी, चावडीपाशी.
जांभ्याच्या भिंतीत संगमरवरी पाटी:
या गावातून एकतीस जण महायुद्धावर गेले,
पैकी चौघांनी प्राण दिले.
नावं नाहीत.
भिंतीला चुना मारणाऱ्यानं
आकड्यांपाशी हात तेवढा राखलेला.

पाटीखाली रताळ्यांचा ढीग, तराजू,
आणि सुभद्रा हुंदरे. वय विचारलं तर म्हणते,
‘लढाईच्या साली पोटात हुते.’
मी पाटीकडे बघते.
‘ती न्हवं गं. ती आदली.
आमच्या लढाईला दगड न्हाई.’

मग सायकलीकडे बघून,
‘घंटी न्हाई व्हय हिला?’
नाही म्हटलं. वजन वाढतं.
‘सातेरी तारवाल्याच्या सायकलीला हुती.
घंटी वाजली की बाया दारातनं आत पळायच्या,
आत गेलं म्हंजे तार परत जाईल जणू.
म्हणून त्यानं फडकं गुंडाळलं घंटीला.
मग बाया कुत्री भुंकली तरी भ्यायला लागल्या.’

रताळी निवडत सांगत होती,
माती झटकत, किडकी एका बाजूला.
बा इटालीत, कुठल्याशा नदीच्या काठाला.
तार आली मळणीच्या दिवसांत.
सातेरीनं वाचली. वाचायची नसते. वाचली.
खळ्यावर बैल फिरत होते,
आई सात महिन्यांची, हातात सूप,
कपाळावर रुपयाएवढं कुंकू.
त्यानं सायकल मेढीला टेकवली, ताक प्याला,
पाऊसपाण्याचं बोलला
आणि गेला.
दुसऱ्या दिवशी परत आला, परत ताक.
असे नऊ दिवस.
शेवटचं पोतं शिवून झालं, तेव्हा
खाकी पिशवीत हात घातला त्यानं.

नोकरी गेली. पुढे शहापुरात
पंक्चर काढत बसायचा म्हणे.

‘आईनं शिव्या दिल्या असतील.’
‘दिल्या की. वरीसभर दिल्या.
म्हातारपणी मात्र म्हणायची,
नऊ दिवस जास्तीचं कुंकू लावलं मी,
सरकारच्या हिशोबात नसल्यालं.’
आणि लगेच, ‘दोन किलो करू?’

दोन किलो घेतली.
ज्या जर्सीत मी पेनसुद्धा ठेवत नाही
तिच्या तिन्ही खिशांत कोंबली.

पुढे सीमा. कमान वगैरे काही नाही,
डांबराचा रंग बदलतो फक्त,
आणि एक म्हैस दोन्ही राज्यांत आडवी उभी.
इथून मी नेहमी वळते.
घड्याळ दाखवतं: चोवीस किलोमीटर,
थांबलेला वेळ वगळून.
चाक थांबलं की तेही आपोआप थांबतं,
असंच बनवलंय ते.
चावडीपुढची एकवीस मिनिटं त्यात कुठेच नाहीत.
बटणं दाबून बघितली. नाहीत.

उतारावर एक बाई, डोक्यावर गवताचा भारा,
पाठमोरी, रस्त्याच्या मधोमध.
एरवी मी ओरडते, ‘ओ मावशी, बाजूला!’
आज तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.
दोन्ही ब्रेक दाबून
तिच्या मागून, तिच्या चालीनं येत राहिले
पार ओढ्यापर्यंत.
पाठीला रताळी लागत होती,
मातीची, गार.